हिशेब दुकानासाठी: एक प्रस्तावना

अजिंठ्याच्या डोंगररांगेनं सोयगाव तालुका जिल्ह्यापासून थोडा अलग पाडला आहे. कागदोपत्री आपण मराठवाड्यात, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात. पण माल भरायला जायचं ते पाचोरा, शेंदुर्णी, जामनेर किंवा जळगावला. जिल्ह्याच्या गावी जायचं तर घाट चढून शंभराहून अधिक किलोमीटर. कुणाचा कर सल्लागार सिल्लोडला, कुणाचा जळगावला, कुणाचा थेट संभाजीनगरला. त्यामुळे या तालुक्यात एक गोष्ट सर्रास झाली आहे: दुकान इथं आणि हिशेब दुसऱ्या गावी.

बऱ्यापैकी चालणाऱ्या प्रत्येक दुकानात आता संगणक आहे आणि त्यात हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे. कुणाकडे टॅली, कुणाकडे बिझी किंवा मार्ग, कुणाच्या मोबाईलवर व्यापार. दरवर्षी त्याचं नूतनीकरणही होतं. पण वापर काय होतो? बिल छापायचं आणि महिनाअखेरीस खरेदीच्या बिलांची पिशवी सल्लागाराकडे पाठवायची. तिकडे नोंदी होतात, विवरणपत्र भरलं जातं आणि 'इतका कर भरा' असा निरोप येतो. आपल्याकडे किती उधारी थकली, कोणत्या मालात पैसा अडकला, गेल्या हंगामापेक्षा यंदा नफा वाढला की नुसती विक्री वाढली, याचं उत्तर मालक मनातल्या अंदाजानंच देतो. ट्रॅक्टर विकत घ्यावा आणि वर्षभर त्याला फक्त पाण्याची टाकी ओढायला लावावी, तसं हे झालं आहे.

ही पुस्तिका त्या अडून राहिलेल्या कामाविषयी आहे. तिचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर, हिशेब आधी दुकानासाठी लिहावा. सरकारचा हिशेब त्यातून आपोआप निघतो. उलट्या क्रमानं केलं तर सरकारचं काम कसंबसं भागतं आणि दुकानाच्या हाती काहीच लागत नाही.

हा विचार नवा नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या देवगिरीला यादवांचा मंत्री हेमाद्री होऊन गेला. दप्तर कसं लिहावं, हिशेबाची मांडणी कशी करावी, याचे नियम सांगणारी मेस्तकं परंपरेनं त्याच्या नावावर सांगितली जातात. पुढे मराठेशाहीच्या दप्तरातही रोजकीर्द हा कारभाराचा कणा होता. दिवसाचा व्यवहार त्या दिवशी कीर्दीत आणि मग एकेका खात्यावर खतावणी, ही शिस्त पेठेतल्या लहान दुकानदारानंही पाळली. सोयगावच्या बाजूला तर हिशेब आणखी अवघड होता. हा मुलूख निजामाच्या राज्यात आणि पलीकडचं पाचोरा-जामनेर इंग्रजांच्या खानदेशात. इकडे हाली सिक्का, तिकडे कलदार रुपया. सात हाली म्हणजे सहा कलदार असा ढोबळ भाव. सरहद्दीवर व्यापार करायचा म्हणजे दोन नाण्यांचा मेळ घालणं आलंच. ते करणाऱ्यांकडे संगणक नव्हता. पण दिवस मावळला की रोकड मोजायची आणि वही मिटवायची, हा रिवाज होता.

आज ज्या सॉफ्टवेअरला आपण 'टॅक्सचं काम' समजतो, त्याचा जन्मही व्यापाऱ्याच्या गरजेतून झाला. श्यामसुंदर गोयंका कापड गिरण्या आणि कारखान्यांना कच्चा माल व यंत्रांचे सुटे भाग पुरवत. स्वतःच्या धंद्याचे हिशेब नीट ठेवील असं सॉफ्टवेअर त्यांना मिळेना, म्हणून त्यांनी गणित शिकलेल्या मुलाला, भरत गोयंकांना, ते लिहायला सांगितलं. 1986 साली बंगळुरूला प्यूट्रॉनिक्स ही कंपनी उभी राहिली आणि त्यातून टॅली आलं. 2020 मध्ये भरत गोयंकांना पद्मश्री मिळाली. इथं लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की तेव्हा जीएसटी नव्हता, व्हॅटही नव्हता. मालकाला आपला धंदा स्वच्छ दिसावा, एवढ्यासाठीच ते लिहिलं गेलं.

तालुक्याच्या गावांत मात्र ते कराच्या वाटेनं आलं. महाराष्ट्रात 1 एप्रिल 2005 पासून व्हॅट लागू झाला, तेव्हा पहिल्यांदा अनेक दुकानांत संगणक शिरला. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि संगणकावाचून बिल बनवणं कठीण झालं. ज्या वाटेनं वस्तू घरात येते, त्याच कामाची ती समजली जाते. म्हणून दुकानदाराच्या मनात सॉफ्टवेअर म्हणजे विवरणपत्र, हे समीकरण पक्कं बसलं. ते सोडवणं हे या पुस्तिकेचं पहिलं काम आहे.

सॉफ्टवेअर नेमकं काय करतं आणि काय करत नाही, हे आधी समजून घेऊ. जुन्या पद्धतीत मुनीमजींचा बहुतेक वेळ खतावणीत जायचा. कीर्दीतली एकेक रक्कम त्या त्या खात्यावर चढवायची, बेरजा मारायच्या, तेरीज काढायची, एका रुपयाचा फरक आला की रात्र जागवायची. हे सगळं यंत्रानं उचललं आहे. एक नोंद केली की खातं, साठा, कर, नफा-तोटा, ताळेबंद सगळीकडे ती त्याच क्षणी पोचते. पण कीर्द माणसानंच लिहायची आहे. कोणत्या तारखेला, कुणाच्या नावे, कशापोटी, किती. या चार गोष्टी यंत्राला कुठून कळणार? त्या जितक्या खऱ्या आणि जितक्या तपशिलात, तितकी पुढची उत्तरं खरी. म्हणून या पुस्तिकेतल्या बहुतेक सूचना नोंद करतानाच्या आहेत. अहवाल काढायला दोन कळा दाबाव्या लागतात, ते कुणीही शिकतं.

पहिलं प्रकरण रोख रकमेचं आहे, कारण शिस्त तिथंच ठरते. रोजची नोंद रोज झाली पाहिजे. दुकान बंद करताना गल्ल्यातली रोकड मोजावी आणि सॉफ्टवेअरमधल्या रोकड शिल्लकेशी ताडून पाहावी. फरक निघाला तर तो त्याच रात्री सापडतो. महिन्यानं शोधायला गेलं तर कुणालाच काही आठवत नाही. रोकड खात्याची शिल्लक एखाद्या दिवशी उणे दिसली, तर ती चूकच असते. गल्ल्यात नसलेले पैसे कुणी देऊ शकत नाही. एकतर विक्रीची नोंद राहिली, नाहीतर घरातून आणलेले पैसे लिहायचे राहिले. टॅलीत अपवादांचे अहवाल वेगळे मिळतात, त्यात उणे रोकड आणि उणे साठा दोन्ही दिसतात. दर सोमवारी ते उघडायची सवय लावली, तर निम्म्या चुका सल्लागाराकडे जाण्याआधीच निस्तरतात.

याच प्रकरणात घरखर्चाचा विषय आहे आणि तो कळकळीनं मांडला आहे. किराणा, मुलांची फी, पाहुण्यांचा आहेर, लग्नाचा खर्च, सगळं गल्ल्यातून जातं. त्याबद्दल काहीच तक्रार नाही. दुकान घरासाठीच तर आहे. मात्र प्रत्येक वेळी ती रक्कम मालकाच्या उचल खात्यावर पडली पाहिजे. तसं केलं नाही तर वर्षाअखेरीस दोन चुकीचे निष्कर्ष निघतात. कधी धंदा तोट्यात दिसतो, तो नसतोच. कधी नफा झाल्याचा कागद हातात असतो आणि बँकेत पैसा नसतो, मग नोकरावर संशय जातो. उचल खातं नीट असलं की पैसा कुठं गेला हे कुणाला विचारावं लागत नाही.

दुसरं प्रकरण खात्यांच्या नावांचं. हे वरवर क्षुल्लक वाटतं, पण आपल्या भागात सर्वांत जास्त घोळ इथंच होतो. एका गावात एकाच नावाची आणि आडनावाची चार माणसं असतात. त्यात नाव इंग्रजीत टाइप करायचं, म्हणजे एकच चव्हाण तीन स्पेलिंगांनी लिहिला जातो आणि एका माणसाची तीन खाती तयार होतात. त्याला दोन ठिकाणी उधारी दिसते आणि तिसरीकडे जमा. यावर उपाय सोपा आहे. खात्याच्या नावात आडनाव, नाव, वडिलांचं नाव आणि गाव या क्रमानं लिहावं. टॅलीत खात्याला दुसरं नाव, म्हणजे एलियस, देता येतं. तिथं मोबाईल नंबर टाकावा. मग काउंटरवरच्या मुलानं नंबर टाइप केला की बरोबर तोच माणूस पुढे येतो. येणेकऱ्यांच्या गटाखाली गावागावाचे पोटगट करावेत: फर्दापूर, बनोटी, सावळदबारा, जरंडी, निंबायती, गोंदेगाव, घोसला. वसुलीला ज्या रस्त्यानं जायचं, त्या रस्त्यावरच्या गावांची यादी एका कळीत हाती येते.

तिसरं प्रकरण उधारीचं. ते या पुस्तिकेचा गाभा आहे, म्हणून त्यातलं एक उदाहरण इथंच देतो. समजा, बनोटीच्या एका शेतकऱ्यानं 8 जूनला कपाशीचं बियाणं नेलं 5,400 रुपयांचं, 12 जुलैला खत नेलं 9,800 रुपयांचं आणि 20 ऑगस्टला फवारणीची औषधं 7,300 रुपयांची. एकूण 22,500. कापूस विकून 15 नोव्हेंबरला त्यानं 15,000 रुपये आणून दिले. ही रक्कम नुसती 'ऑन अकाउंट' जमा केली, तर बाकी 7,500 बरोबरच दिसेल. पण उधारीच्या वयाचा अहवाल काढाल, तर जूनचं बिल अजून उघडंच, जुलैचं उघडं, ऑगस्टचं उघडं आणि 15,000 रुपये अधांतरी. तेच जमा करताना बिलनिहाय लावलं, जुन्यापासून नव्याकडे, तर चित्र लख्ख होतं: बियाणं फिटलं, खताचे 200 राहिले, औषधांचे 7,300 राहिले. हा शेतकरी थकबाकीदार नाही, चांगलं गिऱ्हाईक आहे, हे कागदावरून कळतं. त्याच यादीत दुसरा कुणी असेल, ज्याचं मागच्या वर्षीच्या जूनचं बियाणं अजून उघडं आहे. दोघांची बाकी सारखीच 7,500 असू शकते. दोघांशी वागण्याची रीत मात्र एक असू शकत नाही.

उधारीच्या मुदतीबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. सॉफ्टवेअर विचारतं, किती दिवसांची मुदत? शहरातल्या सवयीनं बरेच जण 30 दिवस टाकतात. आपल्याकडे कोरडवाहू कपाशीचा पैसा दसरा-दिवाळीच्या पुढे येतो. जूनमध्ये 30 दिवसांची मुदत टाकली की ऑगस्टमध्ये अख्खा तालुका थकबाकीदार दिसतो. मग त्या अहवालाकडे कुणी बघत नाही, आणि खरी बुडीत उधारी त्याच गर्दीत लपून जाते. मुदत पिकाच्या चालीवर ठेवा. कपाशीवाल्याला डिसेंबर अखेर, मक्यावाल्याला त्याआधी, पगारदाराला महिना. ज्या दिवशी पैसा येणं खरोखर शक्य आहे, तो दिवस लिहिला, तर मुदत उलटलेल्यांची यादी लहान होते आणि तिच्यातलं प्रत्येक नाव अर्थपूर्ण होतं.

चौथं प्रकरण साठ्याचं. कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी ते दोनदा वाचावं. बियाण्यावर कर नाही, खतावर 5 टक्के, कीटकनाशकावर 18 टक्के. एकाच बिलात तिन्ही माल असतात. प्रत्येक वस्तूला तिचा एचएसएन क्रमांक आणि दर एकदाच नीट लावून ठेवला, तर काउंटरवर चूक होत नाही. दर बदलला तर जुना दर खोडू नये. नवा दर कोणत्या तारखेपासून लागू, ते लिहावं. 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक वस्तूंसाठी 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे गेले, ठिबक संच आणि ट्रॅक्टर 12 वरून 5 वर आले, सिमेंट 28 वरून 18 वर. त्या दिवशी ज्यांनी जुना आकडा पुसून नवा टाकला, त्यांना आधीच्या बिलांचा हिशेब तपासताना दर जुळेना. तारीख लावणाऱ्यांना काहीच त्रास झाला नाही.

औषधांना बॅच क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख असते. सॉफ्टवेअरमध्ये बॅचची सोय सुरू करायला एक टिक लागते, आणि खरेदीच्या वेळी दोन जादा रकाने भरावे लागतात. एवढ्या कष्टावर दर महिन्याला एक यादी मिळते: पुढच्या 90 दिवसांत कोणत्या बाटल्यांची मुदत संपणार. ही यादी वेळेत हाती असली तर माल कंपनीला परत पाठवता येतो, नाहीतर आधी विकता येतो. मुदत गेल्यावर तो विकणं कायद्यानं गुन्हा आहे आणि शेतकऱ्याच्या पिकाशी दगाफटका आहे. अनुदानित खताची विक्री आधारच्या पडताळणीनं पॉस यंत्रावर होते, म्हणजे साठा तीन ठिकाणी असतो: गोदामात, पॉसमध्ये आणि सॉफ्टवेअरमध्ये. आठवड्यातून एकदा हे तिन्ही आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहावेत. कृषी विभागाची तपासणी याच तीन आकड्यांची असते.

याच प्रकरणात मालाची खरी किंमत काढायची रीत आहे. जळगावहून आलेल्या पोत्याची किंमत बिलावरच्या आकड्यापुरती नसते. भाडं आणि हमाली त्यात मिळवावी लागते. हे खर्च वेगळ्या खात्यावर टाकून मोकळं होण्यापेक्षा खरेदीच्या नोंदीतच मालावर वाटून टाकता येतात. मग वस्तुनिहाय नफ्याचा अहवाल खरा होतो. सरकारनं भाव बांधून दिलेल्या युरियाच्या 45 किलोच्या गोणीवर सुटणारा पैसा आणि औषधाच्या एका बाटलीवर सुटणारा पैसा शेजारी दिसला, की विक्रीचा मोठा आकडा आणि नफा यांत किती फरक असतो, ते मालकाला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

पाचवं प्रकरण कापूस आणि मका घेणाऱ्यांसाठी आहे. जीएसटीत नोंदणी असलेल्या व्यापाऱ्यानं शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेतला, तर त्यावरचा कर शेतकऱ्यानं नव्हे, घेणाऱ्यानं भरायचा असतो. नोव्हेंबर 2017 पासून हा नियम आहे. त्याला रिव्हर्स चार्ज म्हणतात. 12 क्विंटल कापूस 7,200 च्या भावानं घेतला, म्हणजे 86,400 रुपये. त्यावर 5 टक्क्यांनी 4,320 रुपये कर. हा कर जमा असलेल्या क्रेडिटमधून वळता होत नाही, रोख भरावा लागतो. मात्र भरल्यावर त्याचं क्रेडिट मिळतं. म्हणजे शेवटी खिशातून काही जात नाही, पण हंगामाच्या ऐन गर्दीत तेवढी रोकड हाती असावी लागते. कापूस या वस्तूला रिव्हर्स चार्ज लागू असल्याची खूण एकदा करून ठेवली, तर महिन्याच्या कोणत्याही दिवशी सॉफ्टवेअर सांगतं की आजपर्यंत किती कर रोख भरावा लागणार आहे. शेतकऱ्याकडे बिल नसतं, म्हणून घेणाऱ्यानं स्वतःच्या नावे बीजक बनवायचं असतं आणि नोव्हेंबर 2024 पासून त्याला माल मिळाल्यापासून 30 दिवसांची मुदत आहे. खरेदीच्या नोंदीबरोबरच ते छापून टाकावं.

मक्यात ओलावा असतो. काट्यावर 50 क्विंटल भरलं आणि पैसे 49 चे दिले, असं रोज घडतं. बहुतेक जण 49 ची नोंद करतात आणि गोदामातला साठा कधीच जुळत नाही. टॅलीत प्रत्यक्ष वजन आणि बिलाचं वजन असे दोन वेगळे रकाने ठेवता येतात. 50 आत आले, 49 चे पैसे दिले, वाळून 48 निघाले. तिन्ही आकडे जागच्या जागी राहतात आणि घट किती, हे हंगामाअखेर नेमकं कळतं. पुढच्या वर्षीचा भाव ठरवताना ही घट म्हणजे सोन्यासारखी माहिती आहे.

सहावं प्रकरण जीएसटीच्या ताळमेळाचं. 2022 च्या जानेवारीपासून नियम असा आहे की पुरवठादारानं आपल्या विवरणपत्रात बिल दाखवलं, तरच घेणाऱ्याला त्याचं क्रेडिट मिळतं. दर महिन्याच्या 14 तारखेला जीएसटीआर-2बी तयार होतो. त्यात जे आहे तेवढंच आपलं. समजा, जळगावच्या वितरकाकडून एक लाखाची कीटकनाशकं घेतली. वर 18,000 रुपये कर. त्यानं विवरणपत्र उशिरा भरलं किंवा आपला जीएसटी क्रमांक चुकवला, तर ते 18,000 आपल्याला खिशातून भरावे लागतात आणि मग त्याच्यामागे फिरावं लागतं. सल्लागाराकडे पिशवी महिनाअखेरीस गेली, तर हा घोळ 19 तारखेला कळतो. विवरणपत्राची मुदत 20 तारखेची. म्हणून 15 तारखेलाच 2बी उतरवून आपल्या खरेदीशी जुळवावा. अलीकडच्या आवृत्त्यांत ही जुळणी सॉफ्टवेअर स्वतः करतं, मात्र एका अटीवर: खरेदीची नोंद करताना पुरवठादाराच्या बिलाचा क्रमांक आणि तारीख जशीच्या तशी लिहिलेली असावी. बिलावर 'जेएएल/25-26/0417' असेल आणि आपण नुसतं '417' लिहिलं, तर यंत्राला ती दोन वेगळी बिलं वाटतात. शंभर बिलांत अशी चाळीस असली की जुळणी सोडून देण्याची पाळी येते.

सातवं प्रकरण हिशेब सांभाळण्याचं. वीज जाते, संगणक बंद पडतो, व्हायरस येतो, दुकानात पाणी शिरतं. रोज संध्याकाळी बॅकअप घ्यावा. एक प्रत घरी पेनड्राइव्हवर, एक ऑनलाइन. दुकानातल्या संगणकाची प्रत त्याच टेबलाच्या खणात ठेवणं म्हणजे दोन्ही एकदम गमावण्याची तयारी. तीन महिन्यांतून एकदा बॅकअप उघडून पाहावा, पण वेगळ्या फोल्डरमध्ये. चालू डेटावर जुनी प्रत उतरवली तर मधल्या सगळ्या नोंदी पुसल्या जातात. प्रत्येक नोकराला वेगळं नाव आणि पासवर्ड द्यावा, मागच्या तारखेची नोंद बदलण्याचा अधिकार मालकाकडेच ठेवावा. त्यात अविश्वास नाही. चूक कुणाकडून आणि कधी झाली हे कळलं की निर्दोष माणसावर बोट उठत नाही. तालुक्यात उभ्या राहिलेल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांना तर हे कायद्यानंच बंधनकारक आहे. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येऊ नये.

आठव्या आणि शेवटच्या प्रकरणात फक्त प्रश्न आहेत. दर महिन्याच्या पाच तारखेला मालकानं स्वतः संगणकासमोर बसून हे प्रश्न विचारावेत. मुदत उलटलेली उधारी किती, आणि त्यातली पहिली दहा नावं कोणती? सहा महिन्यांत न हललेला माल कोणता? मागच्या वर्षी याच महिन्यात विक्री किती होती, नफा किती होता? येत्या 15 दिवसांत कुणाला किती द्यायचं आहे, आणि तेवढं बँकेत आहे का? घरासाठी किती उचललं? प्रत्येक प्रश्नाखाली कोणता अहवाल उघडायचा, ते दिलं आहे.

हे प्रश्न फक्त बी-खतवाल्यांचे नाहीत. फर्दापूरला लेणी पाहायला येणाऱ्या पर्यटकांवर चालणारी हॉटेलं आणि दुकानं आहेत. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात आणि हंगाम हिवाळ्याचा. दिवसानुसार आणि महिन्यानुसार विक्री शेजारी मांडून पाहिली, तर किती माणसं कामावर हवीत आणि किती माल भरावा, याचं उत्तर त्यात मिळतं. गावोगावच्या सेवा सहकारी सोसायट्यांसाठी केंद्रानं 2022 मध्ये 63,000 संस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. तिथल्या सचिवांना यातली उधारीची आणि बॅकअपची प्रकरणं उपयोगी पडतील. बँकेकडे कर्ज मागायला जाणाऱ्याला तर सर्वच. मुद्रा योजनेत आता 20 लाखांपर्यंत कर्जाची सोय आहे, पण बँकेचा अधिकारी साठा, येणी आणि उलाढाल विचारतो. ते छापून समोर ठेवणाऱ्याशी तो वेगळ्या सुरात बोलतो.

काही जण विचारतील, आमची उलाढाल 40 लाखांच्या आत, जीएसटीची नोंदणीच नाही. किंवा आम्ही अनुमानित उत्पन्नाच्या सवलतीत बसतो, मग वह्या कशाला? त्यांच्यासाठीच तर हे लिहिलं. त्या सवलतीनं सरकारचं समाधान होतं. उधारी बुडाली, माल सडला, भाव चुकला, तर तो तोटा कोणती सवलत भरून देत नाही. लहान दुकानाला चूक पेलवत नाही, म्हणून त्याला हिशेबाची गरज मोठ्यापेक्षा जास्त.

सल्लागाराचं महत्त्व यानं कमी होत नाही. कायदा बदलतो, दर बदलतात, मुदती बदलतात. ते बघणं हे त्याचं काम, आणि इथले आकडे वापरण्याआधी त्याला विचारून घ्यावं. पण नोंदी लिहिण्यात त्याचा वेळ घालवू नका. स्वच्छ नोंदी त्याच्या हाती दिल्या, तर तो तुमच्याशी धंद्याबद्दल बोलू शकेल आणि त्याच्या फीचा खरा मोबदला तुम्हाला मिळेल.

पुस्तिका एका बैठकीत वाचून संपवू नये. पहिल्या महिन्यात फक्त पहिलं प्रकरण करा: रोजची नोंद, रोजची रोकड, उचल खातं. दुसऱ्या महिन्यात खात्यांची नावं आणि गावांचे गट. तिसऱ्या महिन्यात उधारी बिलनिहाय. सुरुवातीला संध्याकाळचा अर्धा तास जास्त जाईल आणि आकडे जुळणार नाहीत. घाबरून सोडू नका, कारण न जुळणारा आकडा आजवर लपलेली चूक दाखवत असतो. नवं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, पण वाट पाहायचं कारण नाही. सर्वांत योग्य वेळ मृगाच्या आधीची आहे. उधारीचं पहिलं पोतं दुकानातून बाहेर पडण्याआधी खाती नीट लागली, तर दिवाळीनंतरची वसुली आणि पुढच्या हंगामाची खरेदी ही दोन्ही मोठी कामं अंदाजावर न सोडता तुम्ही आकड्यांवर करू शकाल.